विजापूर दोन दिवसांत, आणि सोबत एक तरी मैत्रीण हवीच

विजापूरला एकटीने जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, आणि त्याचं कारण सेफ्टी नाही, गोल गुंबज आहे. तिथल्या वरच्या सज्जात एकीने इकडच्या भिंतीला तोंड लावून कुजबुजायचं आणि दुसरीने समोरच्या टोकाला भिंतीला कान लावून ऐकायचं असतं, त्यामुळे माणसं दोन लागतातच. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, पहिल्यांदा गेलो तेव्हा रविवारी अकरा वाजता वर पोचलो, शाळेच्या सहली होत्या, तीनशे-चारशे पोरं एकाच वेळी ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, आणि आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. तशाच खाली उतरलो आणि दुपारच्या बसने परत. दीड वर्षांनी परत गेलो, एक रात्र राहिलो आणि मग कळलं की आधी आपण विजापूर बघितलंच नव्हतं. हे सगळं त्या दुसऱ्या खेपेवरून लिहितेय.

आधी जायचं कसं. पुण्या-मुंबईकडच्यांनी सोलापूर गाठायचं, तिथून विजापूर साधारण शंभर किलोमीटर आहे. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सोलापूरला सोडते, पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा आहे, पण ती रात्री पोचते मग सोलापुरात झोपावं लागतं. सोलापूर एसटी स्टँडवरून कर्नाटकच्या लाल बस दिवसभर असतात, दोन-अडीच तास लागतात, भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू. ट्रेनपण आहेत सोलापूर-गदग लाईनवर, पण मोजक्याच, टायमिंग जुळलं तर बघा. विजापूरचं ऑफिशियल नाव २०१४ पासून विजयपुरा झालंय, तिकीट बुक करताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर बस नाहीतच असं वाटतं.

कधी जायचं? ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये तिथे चाळीसच्या वर तापमान जातं आणि बघायच्या अर्ध्या गोष्टी उघड्या मैदानात आहेत, दगड इतका तापतो की मशिदीच्या अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. पावसाळ्यात गेलात तरी चालेल, तो भाग कोरडाच आहे. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, दोन दिवस रजा टाका. शुक्रवारी गोल गुंबजासमोरचं म्युझियम बंद असतं आणि जामा मशिदीत जुम्म्याची गर्दी असते, म्हणून बुधवार-गुरुवार बेस्ट.

राहायला स्टेशन रोडवर किंवा गांधी चौकाच्या आसपास बघा. गाव पूर्व-पश्चिम पसरलंय हे डोक्यात ठेवा म्हणजे प्लॅन आपोआप होतो: पूर्वेच्या टोकाला गोल गुंबज आणि रेल्वे स्टेशन, मधे किल्ल्याचा आतला भाग, पश्चिमेला मलिक-ए-मैदान तोफ, आणि वेशीबाहेर इब्राहिम रोजा, रोजा म्हणजे कबरीची इमारत. पहिल्या दिवशी पूर्वेकडून निघून पश्चिमेला यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिम रोजा. बस, एवढंच. अर्ध्या दिवसात सगळं दाखवतो म्हणणारे रिक्षावाले स्टँडवरच भेटतील, त्यांना प्रेमाने नाही म्हणा.

आणि निघायच्या आधी मैत्रिणीशी एक गोष्ट बोलून घ्या, खरंच बसून बोला. कोणाला काय बघायचंय आणि कोण किती चालणार. मला प्रत्येक शिलालेखापाशी थांबायचं असतं, तिला फोटो काढायचे असतात आणि दर दोन तासांनी चहा लागतो. पहिल्या वेळी आम्ही यावरूनच दिवसभर एकमेकींवर धुसफुसत होतो. दुसऱ्या वेळी ठरवलं की प्रत्येकीने एकच जागा निवडायची जिथे दुसरीने घाई करायची नाही. मी इब्राहिम रोजा घेतला, तिने उपली बुरूज घेतला सूर्यास्तासाठी. बाकी ठिकाणी जिला कंटाळा येईल तिने सावलीत बसायचं, रुसायचं नाही. याने ट्रिप वाचली.

आता गोल गुंबज. सकाळी सहाच्या सुमाराला गेट उघडतं, तेव्हाच जा. साडेपाचला उठायचा कंटाळा येईल, तरी उठा. गेटमधून आत शिरलात की सरळ आत पळू नका, बागेत जरा लांब उभं राहून आधी बाहेरून बघा, कारण आत गेल्यावर त्याचा आकार कळत नाही. चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे, प्रत्येकी सात मजली, आणि मधे तो घुमट, बाहेरून साधारण ४४ मीटर व्यासाचा. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, बांधकाम १६५६ च्या आसपास थांबलं, म्हणजे इकडे आपल्याकडे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तोच काळ. रचनाकार म्हणून याकूत दाबुली याचं नाव सांगतात, दाबुल म्हणजे आपलं कोकणातलं दाभोळ. हे कळल्यावर मला फार छान वाटलं होतं.

आत गेलात की मधे लाकडी छत्रीखाली कबरी दिसतात: मोहम्मद आदिलशहा, त्याच्या दोन बायका, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी. या वरच्या कबरी खुणेच्या आहेत, खऱ्या खाली तळघरात. मग मान वर करून बघा, एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. सतराशे चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन एका घुमटाखाली आहे. हे कसं उभं राहिलं ते समजून घ्यायचं असेल तर कोपऱ्यात उभं राहून वर बघा: चौरसाच्या भिंतींमधून आठ कमानी निघतात, त्या एकमेकींना छेदतात आणि त्यांच्यामुळे चौरसाचा हळूहळू गोल होतो, घुमट त्या गोलावर बसलाय. कमानी आतल्या बाजूला झुकतात, त्यामुळे घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर आत ओढून धरला जातो. चुना आणि विटा, लोखंड नाही काही नाही. मैत्रीण इंजिनिअर आहे, ती दहा मिनिटं फक्त कोपऱ्यातच उभी होती.

वर चढायचं मनोऱ्यातल्या जिन्याने. अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, काही ठिकाणी अंधार, मोबाईलचा टॉर्च तयार ठेवा आणि ओढणी-साडी सांभाळा. गुडघ्याचा त्रास असेल तर प्रत्येक मजल्यावर खिडकी आहे तिथे थांबा, घाई कोणाला आहे. वर गच्चीवर आलात की सगळं शहर दिसतं, आणि घुमट जिथून सुरू होतो तिथे पाकळ्या दिसतात, जणू कळीतून घुमट वर आलाय. त्या पाकळ्या खालून नीट कळत नाहीत.

मग छोट्या दारातून आतल्या सज्जात शिरा आणि इथे बोलायचं नाही. आधीच ठरवून घ्या, आत गेल्यावर "तू इकडे थांब मी तिकडे जाते" हे बोललात तरी ते सात-आठ वेळा परत ऐकू येतं. एकीने दारापाशी थांबायचं, दुसरीने भिंतीला धरून अर्धा फेरा मारून बरोब्बर समोर जायचं. मधे खोल पोकळी आहे, कठडा आहे पण उंचीची भीती असेल तर भिंतीकडे तोंड करूनच चाला. समोर पोचलात की खाली बसा, चेहरा भिंतीच्या जवळ, आणि भिंतीच्या दिशेने बोला, समोरच्या व्यक्तीच्या दिशेने नाही. ही चूक सगळे करतात. आवाज पोकळीतून नाही जात, तो गोल भिंतीला चिकटून सरकत जातो, म्हणून भिंतीशी बोलायचं. आणि हळू बोलायचं, ओरडलात तर प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. कागद फाडल्याचा आवाज, काडेपेटीची काडी ओढल्याचा आवाज पलीकडे स्वच्छ येतो म्हणतात, काडी नका ओढू, कागद आम्ही फाडून बघितला, आला.

त्या दिवशी सव्वासहाला आम्ही दोघी आणि एक सफाई करणारे काका, बाकी कोणी नव्हतं. मी आधी काहीतरी फालतू बोलले, ऐकू येतंय का वगैरे. मग थोडा वेळ शांत. आणि मग भिंतीतून तिचा आवाज आला, अगं तुझे बाबा गेल्यापासून तू नीट झोपतेस का. मी सात महिने कोणाशी यावर बोलले नव्हते, तिच्याशीपण नाही, ती समोर बसली असती तर मी विषय बदलला असता. तिथे तिचा चेहरा दिसत नव्हता, लांबवर फक्त तिचा पिवळा कुर्ता दिसत होता. मी भिंतीला सांगितलं, नाही झोपत. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तशाच बोलत बसलो. म्हणून म्हणते गर्दीच्या आधी जा.

सात-साडेसातला सहली यायला लागतात, तेव्हा खाली उतरा. समोर नगारखान्यात म्युझियम आहे, ते उशिरा उघडतं, तोवर बाहेर इडली-वडा किंवा सुशीला खाऊन या, सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, आपल्याकडे सोलापूर-लातूरकडेही करतात. म्युझियममध्ये जुने गालिचे, शस्त्रं, चिनी भांडी, शिलालेख आहेत, तासभर पुरे.

तिथून जामा मशीद जवळच आहे, चालत किंवा रिक्षाने. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं, त्यानंतर अली आदिलशहा पहिला याने ही बांधायला घेतली. डोकं झाकायला ओढणी न्या, चपला बाहेर काढाव्या लागतात. आत जमिनीवर प्रत्येक नमाज्यासाठी चौकट आखलेली आहे, अशा २,२५० चौकटी, त्या औरंगजेबाने आखून घेतल्या. मिहराबवर, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या कोनाड्यावर, सोनेरी काम आणि अक्षरं आहेत, ते बघायला मिळालं तर बघा, नमाजाच्या वेळी मात्र मधे फिरू नका. पुढे मेहतर महाल लागतो, नाव महाल पण आहे नुसतं प्रवेशद्वार, सज्जाखालचे दगडी ब्रॅकेट्स बघा, लाकडावर कोरल्यासारखं बारीक काम आहे. पाच मिनिटं, पण चुकवू नका.

आसार महाल बाहेरूनच बघाल, म्हणजे बायका तरी. तिथे पैगंबरांचे केस जपलेत असं मानतात आणि बायकांना आत सोडत नाहीत. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण समोरचा तलाव आणि ते उंच लाकडी खांब बाहेरून दिसतात, तलावाच्या काठी बसून पाणी प्यायलो आणि पुढे गेलो.

दुपारी बारा ते साडेतीन काही बघू नका. जेवा आणि झोपा. जेवायला लिंगायत खानावळ शोधा, पाटीवर खानावळी असंच लिहिलेलं असतं, शब्द आपलाच वाटतो. ज्वारीची पातळ भाकरी, तिथे जोळद रोट्टी म्हणतात, एकदम गरम, तव्यावरून थेट ताटात. सोबत एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं तेलात, मटकीची उसळ, कच्चा कांदा, मेथीची पानं, दही आणि तीन-चार कोरड्या चटण्या: शेंगांची, जवसाची, कारळाची. सोलापूरची शेंगाचटणी खाऊन मोठं झालेल्या माणसालाही ही वेगळी लागेल, लसूण कमी आणि जिरं पुढे. वाढपी वाढतच राहतो, पुरे म्हणायला कन्नडमध्ये साकु म्हणा. बाकी एष्टु म्हणजे किती, नीरु म्हणजे पाणी, बेडा म्हणजे नको, एवढे चार शब्द पाठ करा, लोकांचा चेहरा खुलतो. नाहीतर हिंदी, तिथली दख्खनी बोली, आणि बऱ्याच ठिकाणी मराठीपण चालते.

संध्याकाळच्या फेरीला टांगा करा, अजून आहेत थोडे. आधी भाडं ठरवा, कुठे कुठे थांबायचं ते नावं घेऊन सांगा, आणि घोडा थकलेला दिसला तर रिक्षा करा. पहिलं गगन महाल. तीन कमानी उरल्यात, मधली प्रचंड रुंद, वरचं लाकडी काम गेलं. आम्ही गेलो तेव्हा पोरं खाली क्रिकेट खेळत होती. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं आणि शेवटचा आदिलशहा सिकंदर, कोवळ्या वयाचा, याच जागी औरंगजेबासमोर चांदीच्या बेड्या घालून उभा केला असं सांगतात. त्या कमानीखाली उभं राहिल्यावर बखरीत वाचलेलं आठवतं, विजापूर संपलं आणि मग औरंगजेब आपल्यावर उलटला. आपण मराठी लोक विजापूर म्हटलं की अफजलखान म्हणतो आणि थांबतो, पण शहाजीराजे याच दरबारात वावरले, इथल्या महसुलाचे हिशेब मराठीत लिहिले गेले. इथे फिरताना आपला इतिहास बघायला आलोय असंच मला वाटत होतं.

बारा कमान तिथून जवळ, दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर, नुसत्या काळ्या दगडाच्या कमानी आभाळाकडे उघड्या. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो सुंदर येतात, मैत्रिणीला तिथे सोडून मी गवतात बसले होते.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पश्चिमेच्या तटावर मलिक-ए-मैदान तोफेकडे जा. ही ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये ओतली अहमदनगरला, तालिकोटच्या लढाईत वापरली, मग होती परांड्याच्या किल्ल्यात, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला आणली. म्हणजे नगर आणि परांडा, दोन्ही आपलेच. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं तिथले लोक सांगतात. तोंड सिंहाचं, आणि जबड्यात हत्ती, वाकून नीट बघा. उन्हातही धातू गार लागतो, हात लावून बघा, आणि हलकेच टकटक केलंत तर घंटेसारखा नाद येतो. १८५४ मध्ये इंग्रजांनी ही भंगारात काढायला लिलाव लावला होता, बोली आली दीडशे रुपये, मग तो रद्द केला म्हणून आज आपल्याला दिसते.

तिथून पाच-दहा मिनिटांवर उपली बुरूज, १५८४ च्या सुमाराचा, साधारण ऐंशी फूट उंच, जिना बाहेरून गोल फिरत वर जातो. कठडा सगळीकडे नाही, सांभाळून. वर लांबलचक तोफ आहे, आणि पूर्वेला गोल गुंबज, जिथून सकाळी निघालात तो. सूर्य इब्राहिम रोज्याच्या बाजूला मावळतो. ही तिची जागा होती, मी घड्याळ बघितलं नाही. अंधार पडायच्या आत मात्र खाली उतरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर इब्राहिम रोजा, आणि इथे दोन तास हातात ठेवा. गोल गुंबजापुढे लोक हा अर्ध्या तासात उरकतात, पण मला विचाराल तर विजापुरातली सगळ्यात सुंदर इमारत हीच. एकाच चौथऱ्यावर एका बाजूला कबर, दुसऱ्या बाजूला मशीद, मधे कारंज्याचा हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा हा रोजा, १६२६ च्या सुमाराला पुरा झाला, मुळात राणी ताज सुलतानासाठी घेतला होता, काम मलिक संदल याचं. ताजमहालाला यावरून कल्पना सुचली असंही म्हणतात. बघायचं कसं तर आधी बाहेरच्या व्हरांड्यातून एक पूर्ण फेरी मारा, भिंतीवर अक्षरं आणि नक्षी आहे. मग खिडक्यांच्या जाळ्यांपाशी थांबा: ती जाळी म्हणजे नक्षी नाही, अक्षरं आहेत, दगडात आरपार कोरलेली, अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. मैत्रिणीला बाहेर उभं करा आणि तुम्ही आतून बघा, मग जागा बदला. आत गेल्यावर वर सपाट दगडी छत आहे, मधे आधार काहीच दिसत नाही. मशिदीच्या कोपऱ्यांना दगडाच्या साखळ्या लटकतात, अखंड दगडातून कोरलेल्या, त्यापण शोधा.

हा इब्राहिम मला फार आवडतो. संगीताचा वेडा, दख्खनीत गाण्यांचा ग्रंथ लिहिला, किताब-ए-नवरस, त्यात सरस्वतीला वंदन आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. मुघलांचा वकील असद बेग त्याला भेटला तेव्हा त्याने नोंदवून ठेवलंय की याला फारसी जेमतेम येते आणि हा मराठीत बोलतो. मुघलांच्या वकिलासमोर मराठी बोलणारा सुलतान! त्या व्हरांड्यात बसून मी हे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, मग आपण इथे जरा हळू मराठीत बोलू या, त्याला कळेल.

रोज्याहून परतताना ताज बावडी बघा, ताज सुलतानाच्याच नावाची विहीर, १६२० ची, कमान भव्य आहे. वेळ असेल आणि रिक्षा हाताशी असेल तर साठ कबर, गावाबाहेर ओसाड शेतात एकसारख्या साठेक कबरी ओळीने. शिवाजी महाराजांवर निघायच्या आधी अफजलखानाने बायकांना मारून पुरलं अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच ऐका, पण दोघी मिळून जा, दिवसा जा, रिक्षा थांबवून ठेवा. आम्ही तिथे फार बोललो नाही, तिने एका कबरीवरचं वाळलेलं गवत बाजूला केलं आणि आम्ही निघालो.

पैशाचं म्हणाल तर तिकिटं अगदी स्वस्त आहेत, खर्च होतो तो राहण्याचा आणि रिक्षांचा. कॅश ठेवा, टांगेवाल्याकडे क्यूआर असेलच असं नाही. प्रत्येकी एक लिटरची बाटली, टोपी, आणि पटकन काढता-घालता येतील अशा चपला, बुटांच्या लेस बांधण्यात निम्मा दिवस जातो. येताना बाजारातून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या, कडक भाकरी महिनाभर टिकते.

परतीची बस दुपारी दोनच्या आधी पकडा म्हणजे सोलापूरहून संध्याकाळची गाडी मिळते. खिडकीची जागा पूर्वेकडची घ्या, म्हणजे सोलापूरकडे जाताना उजव्या हाताची. गाव सुटलं तरी घुमट मागे बराच वेळ दिसत राहतो. आम्ही मान वळवून बघत होतो, मग तो दिसेनासा झाला, आणि भीमेच्या पुलाच्या आधीच मला झोप लागली, थेट सोलापूर स्टँडवर तिने हलवून उठवलं.